डोंबिवली, कामाच्या दिवशी

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ 2005 साली आला आणि 26 जुलैचा पाऊसही त्याच वर्षीचा. चित्रपटातल्या माधव आपटेचं डोकं रोजच्या रेट्यात फिरतं, म्हणून तो डोंबिवलीकराला जवळचा वाटला. पण या गावाचं खरं दुखणं त्या जुलैतल्या मंगळवारी उघडं पडलं. सखल भागात पाणी चढत होतं तेव्हा घरातली कमावती माणसं सीएसटीच्या आसपास, म्हणजे 48 किलोमीटरवर अडकलेली. कुणी रुळांवरून चालत निघालं, कुणी ऑफिसातल्या टेबलावर रात्र काढली. गावात होते ते म्हातारेकोतारे, गृहिणी आणि शाळेतून परतलेली मुलं.

तिथपासून आजवरची वीस वर्षं पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डोंबिवली ज्यासाठी मिरवते ते सगळं सुट्टीच्या दिवसांत बसवलेलं आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा गणेश मंदिर संस्थानानं 1999 मध्ये सुरू केली आणि पाहता पाहता ती गावोगावी पोचली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कपडे घालून तरुणाई उभी राहते, तिथे जागा मिळणं हीसुद्धा एक कमाईच. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्या या गावात 2017 च्या फेब्रुवारीत 90वं साहित्य संमेलन भरलं, तेही शुक्रवार ते रविवार. एरवी सकाळी अंधारात घर सोडून रात्री जेवायला परतणाऱ्याला आपलं गाव भेटतं ते असंच, सणाला आणि रविवारी. सांस्कृतिक नगरी हे बिरुद खोटं नाही. फक्त ते आठवड्यातून एकदा इस्त्री करून घालायचं बिरुद आहे.

बाकीचे सहा दिवस गावात काय चालतं, याचा बहुतेकांना पत्ताच नसे. 26 मे 2016 रोजी एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तो गुरुवारी दुपारच्या आधी. 23 मे 2024 रोजी पुन्हा तसाच स्फोट झाला, तोही गुरुवारीच, भर दुपारी. दोन्ही वेळा माणसं मेली, लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या आणि हजारो डोंबिवलीकरांना ही बातमी ऑफिसात फोनवर कळली. मधल्या काळात, 2020 च्या फेब्रुवारीत, एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि खुद्द मुख्यमंत्री तो पाहायला आले. त्याआधी एकदा पाऊसही हिरवा पडला होता. या रंगांवर विनोद खूप झाले. कारखाने हलवण्याच्या घोषणा दोन्ही स्फोटांनंतर झाल्या. पहिल्या घोषणेचं पुढे काय झालं ते दुसऱ्या स्फोटानं सांगितलं.

मग कोरोना आला. 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागू झाली तो दिवस पाडव्याचाच. शोभायात्रा निघाली नाही, लोकल तर आधीच थांबल्या होत्या. गर्दीच्या वेळी सामान्य प्रवाशाला त्या खुल्या झाल्या थेट 15 ऑगस्ट 2021 रोजी, तेही लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना. या काळात माझ्या पिढीच्या डोंबिवलीकरानं पहिल्यांदाच सलग महिनोन्‌महिने कामाचे दिवस स्वतःच्या गावात काढले. रात्री एमआयडीसीकडून येणारा उग्र वास तेव्हा कळला, भर दुपारी जाणारी वीज कळली. पूर्वेतून पश्चिमेला जायचा कोपर पूल 2019 च्या सप्टेंबरपासून बंद होता, तो उघडायला दोन वर्षं लागली. त्याचा ताप आधी फक्त घरी असणाऱ्या बायकांना आणि रिक्षावाल्यांना ठाऊक होता. गॅलरीतून दिसणारी समोरची इमारत अधिकृत आहे की नाही, असले प्रश्नही तेव्हाच निघाले. पुढे 2024 मध्ये उच्च न्यायालयानं 65 बेकायदा इमारती पाडायला सांगितलं, तेव्हा कर्ज काढून त्यांत घर घेतलेल्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली.

वाटलं होतं, डोळे उघडले आहेत तर आता काही बदलेल. झालं एवढंच की कचेऱ्यांनी परत बोलावलं आणि आपण मुकाट्यानं फलाटावर जाऊन उभे राहिलो. 2022 च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. वाढल्या त्यातल्या बहुतेक फेऱ्या एसीच्या निघाल्या आणि त्यांचा पास प्रत्येकाला परवडत नाही. डोंबिवली लोकल तर इथूनच सुटणारी, पण फलाटाला लागते तीच अर्धी भरलेली, कारण कोपर-दिव्याची माणसं रिटर्न येऊन बसलेली असतात. त्यांना तरी दोष कसा देणार? कसारा-कर्जतहून येणाऱ्या गाड्यांच्या दारात त्यांच्यासाठी पाय ठेवायला जागा नसते. 9 जून 2025 ला, सोमवारी सकाळी, मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. चौघं त्याच दिवशी गेले. रेल्वेनं उपाय जाहीर केला तो साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचा. दारं बसवा जरूर, पण बाहेर उरलेल्यांनी कोणती गाडी धरायची? फेऱ्या वाढवणं आणि कचेऱ्यांच्या वेळा बदलणं, या जुन्या मागण्या अजून जिथल्या तिथेच आहेत.

या सगळ्यात मला रस वाटतो तो कल्याण-तळोजा मेट्रोत. तिचं भूमिपूजन 2024 च्या मार्चमध्ये झालं. ती मुंबईकडे जात नाही, एमआयडीसी, मानपाडा, निळजे असं करत नवी मुंबईच्या दिशेला जाते. म्हणजे कामाला जायची दुसरी दिशा निदान नकाशावर तरी आली. स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना मात्र ती पकडायलाही आधी शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागेल.