गळाचं वजन घरीच ओतताय? आधी त्या कढईचं बघा

पावसाळा ओसरला, खाडीचं पाणी निवळलं, की कोकणात गरवायला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. गऱ्या तपासायच्या, तंगूस बदलायचा आणि वजनं मोजायची. वजनं दरवर्षी कमीच भरतात, कारण निम्मी खडकात अडकून तुटलेली असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "विकत कशाला आणायची? शिसं वितळवू आणि घरीच ओतू."

तुमच्या घरात हे वाक्य ऐकू आलं असेल, किंवा मोबाईलवर तसा एखादा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. जुनी कढई, गॅसची शेगडी, भंगारातलं शिसं, आणि थोड्याच वेळात चकचकीत गोळे तयार. त्यात खोटं काही नाही. ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश लागतात, तांब्याला १०८५. शिसं मात्र ३२७ अंश सेल्सिअसलाच पाणी होतं. चुलीवरसुद्धा जमतं. इतकं सोपं आहे म्हणूनच तर ते घरात शिरतं.

आमच्याकडेही शिरलं होतं. माझे काका दरवर्षी मागच्या अंगणात चूल मांडून शिसं वितळवायचे. आम्ही मुलं भोवती उकिडवी बसलेलो. कढईत चांदीसारखा रस हलायचा आणि त्यावर राखाडी साय धरायची. काका ती साय पळीने काढून तिथेच बाजूला झटकायचे, वाळूत बोटाने खळगे करायचे, त्यात तारेचा फास उभा धरून रस ओतायचे. एका वर्षी वाळू किंचित ओली राहिली. 'फट्' असा आवाज झाला आणि एक थेंब उडून काकांच्या घोट्यावर बसला. तो डाग कायमचा राहिला.

नंतर कितीतरी वर्षं घरात त्या डागाबद्दल बोलणं व्हायचं. त्या राखाडी सायीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि कढई? ती आजीने राखेने घासली, धुतली आणि शेंगदाणे भाजायला परत फडताळात ठेवली.

दिसतं ते आणि दिसत नाही ते

वाळूतला तो स्फोट समजायला सोपा आहे. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा लागते. वर जड, तापलेलं शिसं असेल तर वाफ त्याला उडवूनच बाहेर पडते. त्यासाठी ओली वाळूच हवी असं नाही. नीट न वाळलेला प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा, दमट लाकूड, पळीला लागलेला पाण्याचा एक थेंबही पुरतो. काही जण बटाटा कोरून त्याचा साचा करतात. बटाट्यात बहुतेक पाणीच असतं, तेव्हा या युक्तीच्या वाटेला जाऊ नका.

पण भाजलेलं निदान कळतं तरी. शिशाचं विष कळतच नाही. त्याला वास नाही. नुसतं वितळेपर्यंत तापवलं तर वाफाही फारशा निघत नाहीत. मात्र घरच्या शेगडीवर तापमान मोजतो कोण? साधारण ५०० अंशांच्या पुढे गेलं की ते श्वासातून आत जाण्याइतकं हवेत मिसळू लागतं.

त्याहून मोठी भानगड त्या सायीची. ती म्हणजे हवा लागून तयार झालेली शिशाची भुकटी. झटकली की उडते आणि हातावर, कपड्यांवर, अंगणातल्या मातीत बसते. त्याच हाताने माणूस चहाचा कप धरतो, बिडी ओढतो, चिवडा खातो. त्याच अंगणात रांगतं मूल माती चाखून बघतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार ते पाच पट जास्त शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तात शिशाची अमुक इतकी मात्रा चालेल, अशी सुरक्षित पातळी तिला सापडलेली नाही. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणी आईच्या हाडांतून सुटून बाळापर्यंत पोहोचू शकतं.

परिणाम दिसतो तोही फसवा. मूल चिडचिडं होतं, पोट दुखतं म्हणतं, शाळेत मागे पडतं. आपण म्हणतो, अभ्यासात लक्षच नाही त्याचं! २०२०मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंता करण्याजोगं असल्याचा अंदाज होता. अर्थात ते काही गळाच्या वजनांमुळे नव्हे. उघड्यावर फोडल्या-वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या, रंग, भेसळीचे मसाले, काही भांडी अशी कारणं बरीच आहेत. पण मुलांच्या वाट्याला आधीच इतकं येत असताना आपण घरात आणखी एक चूल का पेटवायची?

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर सांगते. गाडीच्या जुन्या बॅटरीतल्या पट्ट्या कधीही वितळवू नका. त्यांत आम्ल असतं, अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकतं. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या.

शिसंच कशाला?

आता खरा प्रश्न. गळाला शिसंच का लावायचं? कारण ते जड असून जागा कमी घेतं. १०० ग्रॅम शिसं जेमतेम नऊ घन सेंटिमीटर भरतं, लोखंड तेरा, आणि आपला कोकणातला काळा दगड साधारण पस्तीस. शिवाय पाण्यात बुडालं की प्रत्येक वस्तूचं वजन कमी भासतं. १०० ग्रॅम शिशाची पाण्यात ९१ ग्रॅम इतकीच ओढ राहते. लोखंडाची ८७, काळ्या दगडाची ६५च्या आसपास.

हिशेब उलटा करून बघा. शिशाच्या १०० ग्रॅमचं काम करायला लोखंड १०५ ग्रॅम लागेल आणि दगड १४० ग्रॅम. बस्स, एवढाच फरक! भर प्रवाहात दगड जरा जास्त वाहवतो हे खरं, पण धक्क्यावर बसून गरवणाऱ्याला तो सहज चालतो. हार्डवेअरच्या दुकानातले मोठे लोखंडी नट तर आयते भोक पडलेले मिळतात. गंजतात, गंजू देत. गुळगुळीत गोटा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीत घट्ट बांधला तरी काम भागतं. मुलांना हाताशी घ्यायचं असेल तर बाटलीच्या बुचात सिमेंट भरा आणि ओलं असतानाच त्यात तारेचा फास खोचा. सिमेंट कालवताना मोठ्यांनी हातमोजे घालावेत, बाकी मजा मुलांची.

खडकाळ तळ असेल तर वजन मुख्य दोरीला थेट बांधू नका. मध्ये कमी ताकदीच्या तंगुसाचा वीतभर तुकडा घाला. अडकलं तर तेवढंच तुटेल, आणि गरी व मासा दोन्ही हाती राहतील.

ही काही नवी अक्कल नव्हे. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याचे गळ सापडलेत, आणि जाळ्याची भाजलेल्या मातीची वजनंही. ब्रिटनमध्ये तर हंसांमुळे ही पाळी आली. पक्ष्यांना दात नसतात, म्हणून ते अन्न दळायला बारीक खडे गिळतात. तळाशी पडलेले शिशाचे मणी खडे समजून हंसांनी गिळले आणि ते मरू लागले. अखेर १९८७पासून तिथे २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. हंसांची संख्या पुन्हा वाढली. खडे आपल्याकडची बदकंही गिळतात.

पाग विणणाऱ्यांची अडचण मला मान्य आहे. जाळ्याच्या घेराला लहान, जड आणि गोल मणीच हवेत, तिथे दगड चालत नाही. ते मणी तयार विकत घ्या. आणि ओतायचंच असेल, तर घरापासून लांब, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. चष्मा, अंगभर सुती कपडे, बंद बूट. साचा पूर्ण कोरडा आणि आच मंद. काढलेली साय झटकायची नाही, पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावायचं. काम संपेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. मग साबणाने हात धुवायचे, आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत.

घरात आधीपासून शिशाची वजनं असतील तर ती झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला न लागतील अशी ठेवा. बारीक मणी दोरीवर दाताने दाबून बसवायची सवय अनेकांना असते. पक्कड वापरा. मुलाने मणी गिळला असं नुसतं वाटलं तरी 'शौचावाटे पडेल' म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. एक्स-रेमध्ये तो स्पष्ट दिसतो. आणि घरात वर्षानुवर्षं शिसं वितळवलं जात असेल, तर मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. साधी रक्ताची तपासणी असते.

आमची ती कढई मी गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा फडताळात शोधली. दिसली नाही. वहिनी म्हणाली, "ती ना? काकांनी जायच्या आधीच तिच्या बुडाला खिळ्याने भोक पाडलं आणि सांगितलं, हिच्यात परत कुणी काही भाजू नका." का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.