पाझर नितळ की गढूळ?

तंजावरला भोसल्यांचं राज्य येण्याआधी, सोळाव्या शतकात, सेवप्पा नायकाने तलाव बांधला: सेवप्पनायकन एरी. एरी म्हणजे तमिळमध्ये तलाव.

अशा तलावांचा मातीचा बांध थोडा पाझरतोच. पायथ्याचं पाणी ओंजळीत घेऊन बघावं. नितळ असेल तर ठीक. गढूळ असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे, आतल्या आत बोगदा पडतो आहे. घुशींची बिळं, कुजलेली मुळं पाण्याला वाट करून देतात. म्हणून बांधावर गवत हवं, झाडं नकोत. फिरायला येणाऱ्यांच्या सावलीसाठी लावलेलं पिंपळाचं रोपही मला धडकी भरवतं. जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा तर मोकळाच हवा. तो तुंबून पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागलं की माती काही तासांत खचते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेही मातीचंच धरण होतं.