राखणदाराचे वेतन कोणी द्यावे?

जोंधळा हुरड्यात आला की रानात राखण बसते. राखणदार एकटा आणि शेते अनेकांची, म्हणून त्याचे वेतन सर्वांनी मिळून खळ्यावर धान्य मोजताना द्यावयाचे, ही आपली जुनी रीत. वेतन थकले की राखणदार माळा सोडून जातो आणि पाखरांना व गुरांना रान मोकळे होते. आज आम्ही ज्या राखणदाराविषयी लिहीत आहोत तो आरोग्य विम्याचा आहे. त्याच्या वेतनाचा प्रश्न मात्र रानातल्यासारखाच आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता आरोग्य विम्याचा हप्ता भरतात. भाताचे, सोयाबीनचे वा उसाचे पैसे हाती आले की त्यातून काही हजार रुपये बाजूला काढावयाचे आणि दुखणे आलेच तर जमीन गहाण पडणार नाही या भरवशावर राहावयाचे. मग कधी तरी घरच्या कर्त्या माणसाचे ऑपरेशन होते, बिल भरण्यासाठी उसनवारी होते आणि कंपनीचे इंग्रजी पत्र येते: आधीचे दुखणे अर्जात लिहिले नव्हते, सबब दावा नामंजूर. अर्ज एजंटाने भरलेला असतो, आपण नुसती सही केलेली असते. कंपनीच्या दृष्टीने एक फाईल बंद झाली, पण त्या घराच्या दृष्टीने पुढच्या तीन हंगामांचे बियाणे गेले. असे पत्र आले म्हणजे पुष्कळ जण कपाळाला हात लावून बसतात. आमचे सांगणे असे की, तेथे बसू नये.

दाद कोठे मागावी?

आपल्या देशात या कामासाठी विमा लोकपाल हे कार्यालय आहे. केंद्र सरकारने ११ नोव्हेंबर १९९८ रोजी नियम काढून ते निर्माण केले आणि २०१७ साली नवे नियम केले. २०२१ च्या दुरुस्तीने तक्रार संगणकावरून करण्याची आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होण्याची सोय झाली. लोकपालाला आज ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देता येतो. तक्रारीला फी नाही आणि वकील करावा लागत नाही. मध्य प्रदेशाचे कार्यालय भोपाळला, गुजरातचे अहमदाबादला, कर्नाटकाचे बंगळुरूला आणि तेलंगणाचे हैदराबादला आहे. गोव्यातील वाचकांनी पॉलिसीच्या कागदांतील यादीत आपल्या राज्याचे नाव शोधावे.

रीत अशी आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जावे. तेच प्रकरण आधीच कोर्टात किंवा ग्राहक आयोगात घातलेले असेल तर लोकपाल ते घेत नाही. सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यावयाचा असतो आणि कंपनीने तो तीस दिवसांत पाळावयाचा असतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा दरवाजा मोकळाच राहतो.

खर्च कोण करतो?

आता मुख्य प्रश्न. लोकपालाचे वेतन, त्याचे कारकून, कार्यालयाचे भाडे हा खर्च कोठून येतो? तो विमा कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. हे ऐकून काही जण म्हणतील, ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्यानेच राखणदाराला पोसावयाचे, हा काय न्याय? ही शंका अगदीच पोकळ नाही. म्हणून राखणदार कोण निवडतो याकडे लक्ष ठेवावे लागते. २०२१ साली निवड समितीत ग्राहकांच्या हक्कांसाठी काम केलेल्या व्यक्तीला स्थान देण्यात आले, ते योग्यच झाले.

सरकारी तिजोरीतून खर्च केला तर बरे, असे वाटणे साहजिक आहे. त्या वाटेने काय होते हे अमेरिकेकडे पाहून समजते. तेथे २०१० च्या आरोग्य कायद्याने राज्याराज्यांत विमा ग्राहकांना मदत करणारी कार्यालये उभारण्यासाठी ३ कोटी डॉलर ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ३५ राज्ये, ४ प्रदेश आणि राजधानी वॉशिंग्टन यांना अनुदाने मिळाली. लोकांना तक्रार लिहून देणे, नाकारलेल्या दाव्यावर अपील करण्यास साह्य करणे, आणि एकाच प्रकारच्या तक्रारी वारंवार येऊ लागल्या तर सरकारला कळविणे, ही त्यांची कामे. पण २०१२ नंतर वर्षानुवर्षे केंद्राकडून नवी तरतूद झाली नाही. काही राज्यांनी स्वतःच्या पैशाने काम चालू ठेवले, काही ठिकाणी दरवाजे बंद झाले. कायदा पुस्तकात तसाच राहिला, पण टेबलामागचा माणूस गेला.

त्याच देशात कनेक्टिकट नावाचे लहानसे राज्य आहे. तेथील असे कार्यालय १९९९ सालापासून आहे आणि त्याचा खर्च विमा कंपन्यांवरील आकारणीतून चालतो. केंद्राचे अनुदान आटले तरी त्याचा झरा चालू राहिला. पावसावरचे शेत आणि विहिरीवरचे शेत यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावयास नको.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की कंपन्यांवरील आकारणी हीच टिकाऊ वाट आहे, मात्र निवड आणि देखरेख कंपन्यांच्या हाती नसावी. शिवाय कंपनी तरी पैसा कोठून आणते? आपल्याच हप्त्यांतून. तेव्हा लोकपालाकडे जाणे म्हणजे कोणाकडे धर्मादाय मागणे नव्हे. राखणदाराचे धान्य आपण आधीच मोजून दिलेले आहे.

एक उणीव

तरीही आपल्या व्यवस्थेत एक उणीव आहे. लोकपाल हा दोघांमधला पंच असतो. पंचाने आपला अर्ज लिहून द्यावा, ही अपेक्षा करता येत नाही. कंपनीकडे डॉक्टर, वकील आणि कारकून असतात, आणि शेतकऱ्याकडे असते कागदांची एक पिशवी. अमेरिकेतील कार्यालये तक्रारदाराच्या बाजूला बसून कागद लावून देत, ते काम आपल्याकडे तालुक्याच्या गावी व्हावयास हवे. त्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस बसणारा एक जाणता माणूस पुरे. आपल्या आमदारांना आणि ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना हे सांगितले पाहिजे.

तोपर्यंत जे आहे त्याचा उपयोग करावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे आणि विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना मोफत कायदेशीर साह्य मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. आयुष्मान कार्डाची तक्रार निराळी असते, ती १४५५५ वर करावी.

घरी करावयाच्या चार गोष्टी

एक, अर्ज एजंटाने भरला तरी सही करण्यापूर्वी मुलाकडून वा मुलीकडून तो वाचून घ्यावा. रक्तदाब, साखर, जुने ऑपरेशन, सगळे लिहावे. हप्ता थोडा वाढेल, पण माहिती लपविली या कारणावरून दावा अडणार नाही.

दोन, हप्त्यात खंड पडू देऊ नये. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविली या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

तीन, इस्पितळाचा प्रत्येक कागद, बिल, औषधाची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत सातबाऱ्याइतक्या काळजीने ठेवावे.

चार, नकाराचे पत्र आल्यास त्यावर आलेल्या दिवसाची तारीख लिहावी. एक वर्षाची मुदत हां हां म्हणता संपते.

जे लोकपालाकडे जातात त्यांच्यामुळे मागून येणाऱ्यांचाही लाभ होतो, कारण तक्रारीच आल्या नाहीत तर सगळे ठीक चालले आहे असा सरकारचा समज होतो. म्हणून घरात असे नकाराचे पत्र पडून असेल तर या रविवारी ते पेटीतून काढून तारीख पाहावी. वर्ष पुरे झाले नसेल तर कंपनीला लिहावयाचे पत्र त्याच दिवशी लिहावे.