आखाती चाकरमान्याची परतवाट

मालवणहून तारकर्लीमार्गे दक्षिणेकडे जाणारा रस्ता देवबागेत संपतो. पुढे नेण्यास जमीनच उरत नाही. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी आणि या दोन पाण्यांच्या मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, एवढाच या गावाचा भूगोल आहे. पट्टीच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते आणि पलीकडच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे दिसते. अशा भूमीवर शेती ती काय होणार? रापण, होडी आणि माड यांच्यावर जेवढी तोंडे जगतील तेवढी जगवायची आणि उरलेल्यांनी बाहेरची वाट धरायची, ही मालवण किनाऱ्यावरील कुटुंबांची जुनी रीत आहे. फार काळ हे 'बाहेर' म्हणजे मुंबई होते. गेल्या पन्नास वर्षांत त्यात दुबई, अबुधाबी, मस्कत, कुवेत आणि दोहा यांची भर पडली.

मुंबईच्या चाकरमान्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्याची खोली, त्याची मनिऑर्डर, गणपतीला गावी जाण्याची त्याची धडपड हे सारे कथा-कादंबऱ्यांतून आणि रंगभूमीवरून घरोघरी पोहोचले आहे. आखातातील चाकरमान्याच्या वाट्याला मात्र दोनच प्रकारचे बोलणे येते. एक तर त्याने पाठविलेल्या पैशाचे कौतुक होते, नाही तर दलालाने फसविलेल्या मजुराची करुण कहाणी सांगितली जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या प्रश्नाच्या काठावरच्या आहेत. मूळ प्रश्न असा की, ज्या शहरात हा माणूस आयुष्याची उमेदीची वीस-पंचवीस वर्षे घालवितो, ते शहर त्याला कधीच आपला म्हणत नाही आणि तसे म्हणण्याचा त्या शहराचा बेतही नसतो. जाण्याची तयारी कोकणाने चार पिढ्यांपासून केलेली आहे. परत येण्याची तयारी कोणी करावयाची, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही.

आखात कोकणाला नवे नाही, ही गोष्ट येथे आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांचा तिकडच्या बंदरांशी संबंध जुना आहे. त्यांतील काही तर थेट केपटाउनला जाऊन स्थायिक झाले. दुबईचे पहिले टपाल कार्यालय १९०९ मध्ये उघडले ते हिंदुस्थान सरकारच्या टपाल खात्याने. मोत्यांचा व्यापार हे तेव्हाच्या दुबईचे मोठे उत्पन्न होते आणि त्या मोत्यांची बाजारपेठ मुंबईत होती. जपानी कृत्रिम मोत्यांनी १९३० नंतर तो धंदा बुडविला. पुढेही कितीतरी वर्षे दुबईत भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परकीय चलनाची गळती होऊ लागली तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दुबईने रुपयाला निरोप दिला. त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात तेल सापडले. ज्या गावाचा व्यवहार मुंबईच्या पैशावर चालत होता, त्याच गावाकडे पुढच्या दहा वर्षांत मुंबईकर कामाच्या शोधात निघाला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. रस्ते, बंदरे, इमारती यांची कामे एकाच वेळी निघाली आणि सुतार, गवंडी, वीजतंत्री, चालक, स्वयंपाकी, कारकून अशा सर्वांना मागणी आली.

इकडे मुंबईत उलटे घडत होते. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना कित्येक दशके माणसे पुरविली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्यांचा भोंगा पुन्हा पूर्वीसारखा वाजला नाही. मुंबईची नोकरी ही जी खात्रीची गोष्ट होती ती खात्रीची राहिली नाही आणि ज्यांच्या हाती कसब होते त्यांनी विमानाची वाट धरली.

या माणसाला दुबईतील राहणीत फारसे अपरिचित असे काही आढळले नाही. लालबाग-परळच्या चाळीत एकेका खोलीत दहा-पंधरा गाववाले पाळ्यांप्रमाणे झोपत. दुबईच्या करामा किंवा देरा भागात त्याच व्यवस्थेला 'बेडस्पेस' म्हणतात, म्हणजे भाडे खोलीचे नव्हे तर खाटेचे. गिरणगावात खानावळवाली बाई होती, तेथे मेस आहे. एकाने दुसऱ्याला बोलावून घ्यावे, नव्याने आलेल्याला पहिला महिनाभर सांभाळून घ्यावे, ही रीतही तीच. कर्ली ओलांडण्यास जशी होडी, तशी दुबईची खाडी ओलांडण्यास 'अब्रा'. तिचे भाडे एक दिरहम. तेथील मजुरांच्या एका मोठ्या वसाहतीला हिंदी बोलणाऱ्यांनी 'सोनापूर' असे नाव दिले. सोन्याचे गाव, असा त्यांचा भाव. जुन्या मुंबईकराच्या कानाला मात्र सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचे स्मशान. नाव ठेवणाऱ्यांना हे ठाऊक नसावे.

साम्य येथे संपते. मुंबईत आलेला चाकरमानी पाच-दहा वर्षांत शिधापत्रिकेचा आणि मताचा धनी होई. खोली पागडीची का असेना, मुलाच्या नावावर करता येई. संघटना करता येई, संप करता येई. मुंबईने त्याला प्रेमाने वागविले असे नाही; परंतु तू उद्या येथून जा, असेही त्याला कोणी म्हणू शकत नव्हते. आखातातील वास्तव्य नोकरीला बांधलेले असते. नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी, नाही तर देश सोडावा. मालकाच्या हमीवर परकीयाला राहू देण्याच्या या 'कफाला' पद्धतीचे दोर अलीकडे सैल झाले. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या संमतीची अट काढली. तरी मूळ तत्त्व पुसले गेले नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या लोकसंख्येत परकीयांचे प्रमाण सुमारे नऊ-दशांश आहे आणि त्यांत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय आहेत. पण तेथे जन्मलेल्या मुलालाही जन्माने नागरिकत्व मिळत नाही. पत्नी-मुलांना जवळ ठेवावयाचे तर महिना चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय, एवढे वेतन लागते. २०१९ पासून निघालेला 'गोल्डन व्हिसा' गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांच्यासाठी आहे. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्याचा त्याच्याशी संबंध येत नाही.

याला अन्याय म्हणावे काय? तेथील राज्यकर्त्यांनी कोणाला खोटे आश्वासन दिलेले नाही. करार उघड आहे: श्रम द्या, वेतन घ्या आणि मुदत संपली की घरी जा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम घेण्यास अमिरातीत बंदी आहे. नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचे मूळ वेतन उपदान म्हणून द्यावे लागते. हे थोडे नव्हे. पण तेथे पंचवीस वर्षे राबलेल्या सामान्य कामगाराला निवृत्तिवेतन नसते आणि येथे त्याच्या नावावर भविष्यनिर्वाह निधीही साठलेला नसतो. त्याचे म्हातारपण म्हणजे त्याने गावी बांधलेले घर आणि बँकेतील ठेव.

आणि येथेच आपल्या सरकारी व्यवस्थेतील एक विचित्र गोष्ट पुढे येते. परदेशी जाणाऱ्या कामगाराच्या रक्षणासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. अठरा देशांत, आणि त्यांत सर्व प्रमुख आखाती देश आले, कामासाठी जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला सरकारी परवाना घ्यावा लागतो. त्या वेळी त्याचा करार तपासला जातो आणि विमा सक्तीचा असतो. परंतु दहावी उत्तीर्ण झालेल्याला या तपासणीतून सूट आहे. शिकलेला माणूस आपले हित जाणतो, हे त्यामागचे गृहीत. आता दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात वर्षानुवर्षे पहिला असतो. त्याचा अर्थ असा की, सिंधुदुर्गातून आखातात जाणारा बहुतेक तरुण या परवान्याच्या कक्षेबाहेर असतो. शाळेने दिलेल्या प्रमाणपत्राने त्याची एक कटकट वाचते आणि त्याच वेळी सरकारी कागदावरून त्याचे नावही निसटते. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या परवान्यांच्या आकड्यांत उत्तर प्रदेश आणि बिहार ठळकपणे दिसतात, कोकण दिसत नाही. सूट असलेल्यांनीही नोंदणी करावी, असा आदेश नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला आणि अंमलात येण्यापूर्वीच स्थगित झाला.

२००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हा त्याच जनगणनेचा आकडा. गेलेल्यांपैकी मुंबईत किती, पुण्यात किती, गोव्यात किती आणि आखातात किती, हे जनगणना सांगत नाही. केरळने हे काम आपल्या हाती घेतले. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून घरोघर जाऊन स्थलांतरितांचे सर्वेक्षण चालविले आहे आणि अनिवासी केरळीयांसाठी राज्य सरकारने १९९६ मध्येच स्वतंत्र खाते उघडले. परतलेल्या माणसाला धंद्यासाठी कर्ज देण्यापासून परदेशात मृत्यू झालेल्याचे शव आणण्यापर्यंतची कामे तेथे कोणा एकाच्या अंगावर असतात. महाराष्ट्राने असे काही करण्यास वेगळ्या कायद्याची गरज नाही. एकेका ग्रामपंचायतीला आपल्या गावची परदेशी असलेली माणसे एका संध्याकाळी मोजता येतील.

ती मोजणे किती आवश्यक आहे, हे संकटाच्या वेळी कळते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत एक लाख सत्तर हजारांवर भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने आणावे लागले. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबईच्या एका मोठ्या सरकारी उद्योगसमूहाने कर्जफेडीस मुदत मागितली आणि बांधकामे जागच्या जागी थांबली. मे २०२० मध्ये महामारीच्या भीतीत परतीची खास विमाने सोडावी लागली. वीस वर्षांनी परतू असे म्हणणारा माणूस अशा वेळी आठवड्यात परततो, आणि परततो तो बहुधा रिकाम्या हाताने.

देवबागेपुरते पाहिले तर परतलेल्या माणसाला करण्यासारखे काही आज आहे, हे मान्य करावयास हवे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि तारकर्ली-देवबागच्या पट्टीवर घरगुती निवास, नौकाविहार, सागरतळाची सफर असे उद्योग उभे राहिले. दुबईत हॉटेलात काम केलेल्याला पाहुण्याची बडदास्त शिकवावी लागत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीच्या माळावर आणि जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मोपा येथे विमानतळ सुरू झाले, त्यामुळे मुंबईचा वळसाही पूर्वीइतका अपरिहार्य राहिलेला नाही. (तरी आंगणेवाडीच्या जत्रेला येणे त्याला अवघडच. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती दरवर्षी नव्याने ठरते. दुबईच्या कचेरीत रजेचा अर्ज मात्र आगाऊ द्यावा लागतो.)

परंतु हे सारे ज्या वाळूवर उभे आहे, ती वाळूच स्थिर नाही. पावसाळ्यात उधाणाचे पाणी देवबागेच्या माडांच्या मुळांशी येते, किनारा खचतो आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी पुन्हा वर येते. दुबईलाही एके काळी वाळूनेच पेचात पकडले होते. खाडीचे मुख भरत आले, गलबते आत येईनात; तेव्हा शेख रशीद यांनी कर्ज काढून खाडी उपसून घेतली आणि १९६१ मध्ये ते काम पुरे झाले. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच शहराने समुद्रतळाची वाळू उपसून ताडाच्या झाडाच्या आकाराचे बेट रचण्यास प्रारंभ केला आणि त्याभोवती दगडांचा बांध घातला. त्या शहराच्या उभारणीत कोकणातील माणसांचाही हात आहे. तेथील पैसा, सत्ता आणि मजुरीचे दर यांची तुलना देवबागशी करणे भाबडेपणाचे ठरेल. पण वाळू बांधून ठेवण्याची विद्या मनुष्यजातीला ठाऊक आहे, एवढे तरी त्यावरून दिसते. देवबागच्या किनाऱ्याचा प्रश्न दरवर्षी तुकड्यातुकड्याने दगड टाकून सुटणारा नाही. नदीमुख आणि समुद्रकिनारा यांचा एकत्र अभ्यास करून एकदाच निर्णय घ्यावा लागेल. तो मागण्याचा हक्क गावात राहणाऱ्यांचा आहेच. गावाबाहेर राहून गावात घर बांधणाऱ्याचाही आहे. २०१० च्या कायदा-दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येते, मात्र मत देण्यासाठी त्याने स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते. तिकिटाचे पैसे खर्चून मत देण्यास किती जण येतील, याचा हिशेब उमेदवारांनी केव्हाच मांडलेला असतो.

व्हॉट्सअॅपवरून थेट बोलण्यावर अमिरातीत वर्षानुवर्षे बंधन राहिल्याने तेथील माणसे 'बोटिम'सारख्या मान्यताप्राप्त साधनांवरून घरी बोलतात. जून-जुलैत तेथे दुपारच्या उन्हामुळे काम थांबलेले असते, येथे पावसाळी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. घरची माणसे फोन समुद्राकडे वळवून धरतात आणि पाणी कोणत्या माडापर्यंत आले ते दाखवितात.