थोर खेळाडू : किती स्वतःचा, किती संघाचा?

क्रिकेटचा सामना संपला की एस. टी. च्या थांब्यावर, चहाच्या दुकानात, कचेरीच्या व्हरांड्यात एक वाद हमखास सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, अमक्याने एकट्याने सामना जिंकून दिला. दुसरा विचारतो, मग बाकीचे दहाजण काय माशा मारीत होते? वाद तावातावाने होतो आणि कोणाचेही मत न बदलता मंडळी आपापल्या घरी जातात. तरी हा वाद निरर्थक आहे असे आम्हांस वाटत नाही. यशाचे श्रेय कोणाचे, या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा प्रश्न उभा असतो : तसे यश पुन्हा घडवावयाचे तर गावाने आपला पैसा, वेळ आणि जागा कशापायी खर्च करावी? गुणी मुलगा ही केवळ दैवाची देणगी असेल, तर स्वस्थ बसून वाट पाहणे एवढेच आपल्या हाती उरते. शिक्षकच सारे काही घडवीत असेल, तर एक चांगला शिक्षक आणला की आपण निश्चिंत झालो. या दोन्ही समजुती थोड्या तपासून पाहू.

सिंधुदुर्गनगरीत हा विषय काढण्यास एक खास कारणही आहे. ज्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर तयार झाले, त्या रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचा जन्म १९३२ सालचा, आणि तो मालवणचा. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम दर्जाचा एकच सामना आहे. मुंबईत शिवाजी पार्कवर त्यांनी मुलांना शिकविण्यास आरंभ केला, तेथे कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला, आणि बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर असे एकामागून एक खेळाडू देशाला दिले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. स्वतः फारसे न खेळलेला माणूस इतके खेळाडू घडवितो, यावरून एक गोष्ट निश्चित होते : खेळणे आणि शिकविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

त्यांची रीत काय होती? यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवावयाचे. जो गोलंदाज बाद करील त्याला ते नाणे. दिवसभर कोणी बाद करू शकला नाही, तर ते फलंदाजाचे. सचिन यांनी अशी तेरा नाणी मिळविली आणि ती जपून ठेवली. एका मैदानावरील डाव संपला की सर मुलाला स्कूटरवर घालून दुसऱ्या मैदानावर नेत आणि पुन्हा खेळावयास उभे करीत. यात बॅट कशी धरावी याच्या उपदेशापेक्षा निराळीच वस्तू आहे. मुलाला दमल्यावरही सावध राहण्याची सवय लावणे, हे त्या रुपयाचे खरे काम.

परंतु गुरूपर्यंत पोहोचण्यासही कोणी तरी लागते. सचिन यांना १९८४ साली आचरेकर सरांकडे नेले ते त्यांचे वडील बंधू अजित यांनी. पहिल्या दिवशी मुलगा बुजला, त्याला नीट खेळता येईना. तेव्हा अजित यांनी सरांना विनंती केली की, आपण थोडे दूर जाऊन याचा खेळ पाहावा. सर दूर गेले, मुलगा मोकळेपणी खेळला आणि त्याची निवड झाली. पुढे ज्यांनी कसोटी सामन्यांत १५,९२१ धावा केल्या आणि आंतरराष्ट्रीय शतकांचे शतक पुरे केले, त्यांची पहिली परीक्षा एका भावाच्या समयसूचकतेमुळे पार पडली.

येथे गुरुमहात्म्य मानणारा म्हणेल, झाले तर मग, सारे श्रेय गुरूचे! पण थांबा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना चालू होता. शारदाश्रम विद्यामंदिराचे दोन गडी बाद झाले होते, आणि सचिन व विनोद कांबळी ही जोडी जमली. या दोघांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. संघाची धावसंख्या २ बाद ७४८. या साऱ्या काळात तिसरा एक मुलगा पॅड बांधून पुढच्या पाळीची वाट पाहत बसला होता. त्याचे नाव अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही.

गुरू एक, शाळा एक, मैदान एक. आणि तिघांचे नशीब पाहा. सचिन २४ वर्षे देशासाठी खेळले आणि २०० कसोटी सामने खेळून २०१३ साली निवृत्त झाले. विनोद कांबळी यांनी १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत द्विशतके काढली. त्यांची कसोटीतील सरासरी ५४.२० म्हणजे सचिन यांच्याहूनही थोडी अधिक. पण १७ कसोटी सामन्यांनंतर, वयाच्या २३ व्या वर्षी, त्यांची कसोटी कारकीर्द संपली. अमोल मुझुमदार यांनी रणजी स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात २६० धावा केल्या, प्रथम दर्जाच्या सामन्यांत ११,००० हून अधिक धावा जमविल्या, परंतु भारताकडून ते एकही सामना खेळले नाहीत. त्यांच्या भर उमेदीच्या वर्षांत भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण बसले होते. तेथे जागा कशी निघावी? सोबती हे खेळाडूचा आधार असतात हे आपण नेहमी ऐकतो. ते कधी कधी वाटेवरचा डोंगरही असतात. तात्पर्य, शिक्षण सारखे मिळूनही फळ सारखे येत नाही. गुरू दार उघडून देतो. आत किती काळ उभे राहावयाचे हे स्वभाव, प्रकृती, निवड करणाऱ्यांचा कल आणि वेळ यांवर ठरते.

आता सोबत्यांचा विचार करू. क्रिकेट हा वरून पाहता द्वंद्वयुद्धासारखा खेळ आहे : एक चेंडू टाकतो, एक टोलवितो. पण १९७१ सालची ओव्हलची कसोटी आठवा. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकली. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. इतिहासात आकडा राहिला तो चंद्रशेखर यांचा. पण फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शिरस्त्राणावाचून, एकनाथ सोलकर उभे होते. त्या डावात फ्लेचर यांचा झेल त्यांनी चंद्रशेखर यांच्या गोलंदाजीवर घेतला आणि नॉट यांचा वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेऊन गेला. तेथे दुसरा कोणी असता तर त्यांतील कित्येक चेंडू नुसते जमिनीवर पडले असते आणि गोलंदाजाच्या खात्यात काहीच जमा झाले नसते.

आपल्या दशावतारात संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेले, संवाद मात्र रंगमंचावर जागच्या जागी बोलावयाचा. राजपार्टी कितीही तयारीचा असो, समोरच्याने नेमका प्रश्न टाकला नाही तर त्याचे उत्तर रंगणार कसे? आणि पखवाजाने ऐन वेळी साथ सोडली तर त्याच्या प्रवेशाचे तेज कोठून येणार? प्रेक्षक घरी जाताना नाव घेतो ते राजाचे. खेळातही असेच होते.

विजयावरून थोरवी मोजणे किती फसवे आहे, हे सचिन यांच्याच कारकिर्दीवरून दिसते. १९९९ साली चेन्नईस पाकिस्तानविरुद्ध त्यांनी दुखऱ्या पाठीने १३६ धावा केल्या. ते बाद झाले तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. संघ १२ धावांनी हरला. २००३ च्या विश्वचषकात त्यांनी ६७३ धावा केल्या, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले, आणि अंतिम सामना भारत हरला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर अंतिम सामन्यात ते १८ धावांवर बाद झाले. गंभीर यांनी ९७, धोनी यांनी नाबाद ९१ धावा केल्या आणि चषक भारताकडे आला. चषक हे संघाचे माप आहे. त्याने एका माणसाची उंची मोजू गेल्यास हिशेब चुकावयाचाच.

हाच वाद अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलवरून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्या खेळात ‘क्वार्टरबॅक’ नावाचा गडी असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकावयाचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवावयाचे असते. तेवढी सेकंदे त्याला मिळावीत म्हणून पाच धिप्पाड गडी त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहतात. टॉम ब्रेडी हा त्यांतला सर्वांत यशस्वी. २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक १९९ वा होता; म्हणजे त्याच्यात विशेष काही कोणाला दिसले नव्हते. बिल बेलिचिक या शिक्षकाच्या हाताखाली न्यू इंग्लंड संघाकडून त्याने सहा अजिंक्यपदे मिळविली. श्रेय शिक्षकाचे की खेळाडूचे, हा वाद वीस वर्षे मिटेना. मग २०२० साली ब्रेडी टँपा बे संघाकडे गेला आणि पहिल्याच हंगामात, वयाच्या ४३ व्या वर्षी, सातवे अजिंक्यपद घेऊन आला. इकडे बेलिचिक यांचा संघ १६ पैकी ९ सामने हरला.

खेळाडूच मोठा, असा निकाल येथे देण्याचा मोह होतो. पण त्याच अंतिम सामन्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. प्रतिस्पर्धी संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स हाही असामान्य खेळाडू. त्याच्या पुढच्या भिंतीतले दोन प्रमुख गडी जायबंदी होऊन बाहेर बसले होते. परिणामी महोम्सला सारा सामना जीव वाचवीत पळावे लागले आणि त्याच्या संघाला केवळ ९ गुण मिळाले. ब्रेडीच्या संघाचे ३१. ब्रेडीला नव्या ठिकाणी चांगले सोबती मिळाले, महोम्सचे ऐन वेळी गेले. गुण दोघांतही होता; भिंत एकाच्याच पुढे शाबूत होती.

मग थोर खेळाडूचे स्वतःचे असे काय उरते? पुष्कळ उरते. १९९८ साली शेन वॉर्न भारतात येणार होते. त्यांचा चेंडू खडबडीत जागेवर पडून आत वळला तर काय करावे, याची तयारी सचिन यांनी मालिकेपूर्वीच केली. चेन्नईस खेळपट्टी मुद्दाम खरवडून घेतली आणि लेगस्पिनर शिवरामकृष्णन यांना तेथे चेंडू टाकावयास लावून सराव केला. कसोटीच्या पहिल्या डावात ते ४ धावांवर वॉर्न यांच्याच गोलंदाजीवर बाद झाले. दुसऱ्या डावात त्यांनी नाबाद १५५ धावा काढल्या आणि भारत जिंकला. साहाय्य शिवरामकृष्णन यांचे होते. परंतु कोणते साहाय्य हवे हे ओळखणे, ते मागणे आणि पचविणे हे सचिन यांचे होते. १९९४ साली ऑकलंडला सिद्धू यांची मान आखडली, तेव्हा सलामीस मला पाठवा अशी गळ त्यांनी घातली. कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक वाडेकर यांनी ती मानली. ४९ चेंडूंत ८२ धावा झाल्या आणि एकदिवसीय सामन्यांत त्यांची जागा बदलली. त्यापूर्वी त्या प्रकारात त्यांचे एकही शतक नव्हते. निवृत्तीपर्यंत ४९ झाली. मागणारा नसता तर संधी वाया जाती. देणारे नसते तर मागणे वाया जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, थोर खेळाडू तो नव्हे ज्याला कोणाची गरज लागत नाही. मिळालेल्या साहाय्याचे इतरांहून अधिक सोने करतो तो थोर. यामुळे त्याचा मोठेपणा कमी होत नाही, आणि साहाय्य करणाराही हिशेबातून गळत नाही. हा विचार मान्य केला तर गावाचे कर्तव्यही स्पष्ट होते. गुण आपल्या हातचा नाही. तो कुडाळात, कणकवलीत, देवगडात कोठेही जन्मास येईल. परंतु रोज संध्याकाळी मोकळे असणारे मैदान, मुलाकडे लक्ष देणारा एक शिक्षक आणि त्याच्याशी तोडीस तोड खेळणारे दहा सवंगडी, ही सारी आपल्या हातची कामे आहेत. ही नसतील तर त्या मुलाचा गुण कोणाला दिसणारही नाही, आणि काय गमावले हे आपल्याला कळणारही नाही.

पॅड बांधून बसलेल्या त्या तिसऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. अमोल मुझुमदार भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून प्रथमच विश्वचषक जिंकला. मालवणात जन्मलेल्या एका शिक्षकाकडून निघालेली विद्या, देशाकडून एकदाही न खेळलेल्या शिष्यामार्फत, एका नव्या संघापर्यंत पोहोचली. धावफलकावर यांपैकी कोणाचेच नाव लिहिलेले नसते. सामना पाहून परतताना श्रेयाचा हिशेब मांडायचा असेल, तर ही नावे त्यात धरावीत.