रात्री दहाची जागा

मागच्या खेपेला आपण किंमत आणि मूल्य यांतला फरक पाहिला. आज अमेरिकेतलं उदाहरण घेऊ. १९८३ साली टीव्ही असलेल्या दर १०० घरांपैकी ६० घरांत ‘मॅश’चा शेवटचा भाग लागला होता, रेटिंग म्हणजे हाच आकडा. पुढे केबल पसरली, प्रेक्षक विखुरला. मग २००९मध्ये एनबीसीनं काय केलं? सोमवार ते शुक्रवार रात्री दहाला मालिकांऐवजी जे लेनोचा गप्पांचा कार्यक्रम लावला. प्रेक्षक घटले तरी खर्च त्याहून कमी! हिशेब तसा चोख, पण त्यात शेजारी धरलाच नव्हता. दहाचा प्रेक्षक उठून गेला, की पाठोपाठच्या स्थानिक बातम्याही ओस. स्थानिक केंद्रांनी ओरड केली आणि फेब्रुवारी २०१०मध्ये कार्यक्रम दहावरून हटला. मालिका परतल्या खऱ्या, पण बातम्यांना प्रेक्षक आणून द्यायला.