थेंब खाली, गळती वर

तासगावहून एका वाचकांनी विचारलं आहे: जुन्या डिझेल जीपच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग दोनदा बदललं, तरी सकाळी अंगणातल्या फरशीवर काळा डाग असतोच. मिस्त्री म्हणतो, पॅकिंग डुप्लिकेट निघालं. असेलही. पण माझा पहिला संशय पॅकिंगवर नाही. चेंबर म्हणजे इंजिनाचा तळ. वर कुठंही गळू द्या, थेंब सुटणार तो तिथूनच, आणि आळ येणार तोही त्याच्यावरच.

याला कारण तेलाचा स्वभाव. इंजिन ऑइलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे ते धातूवर गोळी धरून बसत नाही, पातळ थर होऊन पसरतं आणि मिळेल त्या फटीच्या, कंगोऱ्याच्या कडेनं वाट काढतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून चेंबरच्या कडेला येतं आणि मग टपकतं. गाडी पळत असली की पंख्याची आणि खालून जाणारी हवा ते आणखी मागे लोटते. खालून पाहणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, दोन दिवस गाडी उभी राहते, आणि चूक निघते ती वरच्या कव्हरच्या दोन ढिल्या बोल्टांत.

गळतीचा माग काढण्याची सगळ्यात देखणी गोष्ट मात्र गॅरेजमधली नाही, जर्मनीतल्या डॅन्यूब नदीवरची आहे. इमेन्डिंगेन गावाजवळ या नदीचं पाणी चुनखडीच्या तळातून गडप होतं. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. खालच्या अंगाच्या कारखानदारांना ती भोकं बुजवायची होती. दक्षिणेला आख नावाचा मोठा झरा आहे. त्यावर चालणाऱ्या कारखान्यांचे मालक घाबरले, कारण झऱ्याचं पाणी डॅन्यूबचंच असल्याचा संशय सगळ्यांना होता, पुरावा कोणाकडेच नव्हता. १८७७ मध्ये आडोल्फ क्नॉप या भूवैज्ञानिकानं तो मिळवला. त्यानं त्या भोकांत आधी १,२०० किलो शेल तेल ओतलं, मग २० टन मीठ आणि शेवटी १० किलो फ्लुरेसीन हा चमकणारा रंग. सुमारे ६० तासांनी, १२ किलोमीटरवरचा तो झरा झगझगीत हिरवा वाहू लागला. भूगोलाच्या दृष्टीनं गंमत अशी की डॅन्यूब जाते काळ्या समुद्राला आणि आखचं पाणी ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्राला. म्हणजे एक नदी दुसरीत गुपचूप गळत होती.

फ्लुरेसीन तयार केलं आडोल्फ फॉन बायर यांनी, १८७१ मध्ये. पुढे १९०५ चं नोबेलही त्यांना मिळालं. क्नॉपचं नाव भूजलाच्या अभ्यासकांबाहेर फारसं कोणी घेत नाही. मला तो जास्त आवडतो. तर्क लढवत न बसता त्यानं वरून खूण सोडली आणि खाली पाहत थांबला.

गॅरेजमध्ये हेच करायचं असतं. फ्लुरेसीन पाण्यात विरघळणारं. इंजिनासाठी तेलात विरघळणारे वेगळे चमकणारे रंग मिळतात. थोडा रंग ऑइलमध्ये घालायचा, गाडी एक फेरी मारून आणायची आणि नोटा तपासायला वापरतात तसल्या जांभळ्या टॉर्चनं अंधारात इंजिन वरून खाली पाहत यायचं. चमक जिथून सुरू होते ते सगळ्यात वरचं ठिकाण गळतीचं. रंग नसेल तर थंड इंजिन डिझेलनं धुवा, पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि थोडा वेळ चालवा. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ कुठं उमटते ते बघा. धुतल्याशिवाय शोध घेणं व्यर्थ. वर्षानुवर्षांच्या चिकट मळीत जुनं काय आणि नवं काय, ते कळत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी ब्रीदर बघा. पिस्टन रिंगांच्या कडेनं थोडा जळका वायू खाली उतरतोच. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. उसाच्या हंगामात शेतातून आणि कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांच्या या नळीत धूळ आणि ऑइल मिळून घट्ट लगदा होतो. मग वायू आतच कोंडतो. हिशेब करा: चेंबर ५० सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटीमीटरला अवघा ५० ग्रॅम जास्त. एकूण रेटा होतो ६२ किलो, सिमेंटच्या पोत्याहून जास्त. इंजिन चालेल तितका वेळ हा रेटा आतून ढकलत असेल तर अस्सल कंपनीचं पॅकिंगही किती दिवस टिकेल? इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण जपून उघडा. भकाभका धूर आला तर एक तर ब्रीदर तुंबलाय, नाही तर रिंगा झिजल्यात. दुसऱ्या बाबतीत पॅकिंगचा खर्च वाया गेलाच म्हणून समजा.

आता खुद्द पॅकिंग. जुन्या चेंबरला कॉर्क वापरतात, त्याचं कारण मजेशीर आहे. रबर एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं फुगतं. कॉर्क दाबला की नुसता दबतो, कडेला जवळजवळ सरकतच नाही. पदार्थविज्ञानात या गुणाच्या आकड्याला फ्रेंच गणिती पॉयसाँचं नाव आहे. रबरासाठी तो ०.५ च्या आसपास, कॉर्कसाठी शून्याच्या जवळ. कॉर्कच्या आतल्या हवाबंद कप्प्यांची ही करामत. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये हेच कप्पे सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांना ‘सेल’ म्हटलं आणि एका घन इंचात १२५ कोटींहून जास्त कप्पे असतील असा हिशेबही मांडला. पण दुकानात खिळ्याला टांगलेला कॉर्क वाळून आकसतो, भोकं जुळत नाहीत. जाणता मिस्त्री तो ओढत बसत नाही, थोडा वेळ पाण्यात भिजवून ठेवतो.

खरा घात होतो तो बोल्ट आवळताना. चेंबरचा पत्रा पातळ. जोर लावला की भोकाभोवतीचा भाग वर ओढला जातो आणि दोन बोल्टांमधली कड सुटी राहते. जितकं आवळाल तितकं जास्त गळेल. म्हणून नवं पॅकिंग टाकण्याआधी कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं हलके ठोकून सपाट करायची, पट्टी लावून उजेड दिसतो का पाहायचं, आणि मधल्या बोल्टांपासून बाहेर जात थोडं थोडं आवळायचं.

आवळण्याचा हा मोह पंपावरही दिसतो. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथून निघालेले पंप कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. पंपाच्या ग्लँडमधून पाणी थेंब थेंब गळायलाच हवं. त्यानंच ग्लँडमधली पॅकिंगची दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. ते बंद होईपर्यंत ग्लँड आवळली की दोरी जळते, शाफ्टवर चरे पडतात. यंत्रांची ही ओळख इकडे जुनी आहे: साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला, नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली. गळती चालते कुठं आणि चालत नाही कुठं, हे ज्ञान इथं तीन पिढ्यांपासून हाताला आहे. तरीही ‘ऑइलमध्ये ओता, गळती थांबवा’ अशा बाटल्या खपतात. कडक झालेलं रबरी सील फुगवून मऊ करण्यापुरता त्यांचा उपयोग होऊ शकतो. वाकलेला पत्रा आणि तुंबलेला ब्रीदर बाटलीनं सरळ होत नाही.

वाचकांचा दुसरा प्रश्न: कॉर्कला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची पेस्ट लावावी का? लावू नका. ओली पेस्ट वंगणासारखी वागते, आवळताना कॉर्क बाहेर सरकतो. आतल्या बाजूला दाबून आलेली जादा पेस्ट सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकली, तर फरशीवरचा डाग परवडला म्हणायची वेळ येईल.